तीन भाकरींची वाट

गौरी-गणपती जाऊन आठ दिवस झाले होते. मोखाड्याकडचा एक शेतकरी मीठ न्यायला जव्हारच्या बाजारात आला होता, तो आमच्या ओट्यावर टेकला आणि मावशीचा निरोप सांगून गेला. निरोप लहानसाच होता. "डोळ्यांना थोडं दिसतंय तोवर येऊन जा. वैद्य म्हणतात, दिवाळीच्या पुढे भरवसा नाही." तो पाणी प्यायला, रिकामा तांब्या आईच्या हातात देऊन निघून गेला.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. आई तिला अक्का म्हणायची. आई पाच वर्षांची असताना त्यांची आई गेली, आणि बारा वर्षांच्या अक्कानं धाकटीची वेणी घालण्यापासून तिला सासरी पाठवण्यापर्यंत सगळं केलं. स्वतः अक्का लग्न होऊन मोखाड्याच्याही पलीकडच्या एका गावी गेली होती. जव्हारहून ते गाव काही काशी-रामेश्वर नव्हे, पण आई तिकडे अकरा वर्षांत गेली नव्हती. कधी माझ्या थोरल्या बहिणींची बाळंतपणं, कधी तिच्या सासूबाईंचं आजारपण, कधी पावसानं वाट मोडलेली. बाईला माहेरी न जाण्याची कारणं कधी कमी पडत नाहीत.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माझे यजमान ठाण्याला नोकरीच्या खटपटीत होते, म्हणून सासरच्यांनी मला चार महिने माहेरी धाडलं होतं. मी जिभेनं तिखट आणि कामाला बरी, असं माझ्याबद्दल दोन्ही घरांत मत होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, संस्थानच्या कचेरीत मोजणीच्या दफ्तरावर कारकून होते. जगातली प्रत्येक गोष्ट साखळीनं मोजता येते आणि मोजून झाली की तिच्याबद्दल बोलायचं काही राहत नाही, असा त्यांचा स्वभाव होता.

संध्याकाळी अण्णा आले तेव्हा आईनं निरोप सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "दिवाळी होऊ दे. नदीला उतार मिळाला की गाड्या सुरू होतील. मग तुला गाडीनं पोचवतो."

"दिवाळीनंतर तिला दिसणार नाही."

"अगं, पण तू तर तिला बघशील ना?"

"मी तिला बघणं वेगळं आणि तिनं मला बघणं वेगळं," आई म्हणाली. एवढं सरळ उत्तर तिनं अण्णांना दिलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. अण्णांनीही नसावं.

चार दिवसांनी पानवाली आली. ही बाई जव्हारच्या पठाराखालच्या पाड्यावरून डोक्यावर पळसाच्या पानांचा भारा घेऊन यायची, आणि तिच्या पानांच्या पत्रावळी आम्ही घरी लावायचो. आईच्याच वयाची, काटक, दात विड्यानं लाल झालेले. तिचं माहेर पोशेऱ्याचं. आईनं तिला सहज म्हणून दुःख सांगितलं, तर तिला त्यात दुःख दिसेचना.

"धारंनं जा की बाय," ती म्हणाली. "डोंगराच्या धारंवं नदी कठं आडवी येतं? आमी तशाच जातो. सकाळी निंगायचा, दिस हाय तवर पोचायचा."

"किती लांब आहे?"

"तीन भाकरी."

अण्णा आत दाढी करत होते, ते वस्तरा हातात घेऊन बाहेर आले. "भाकरी हे काय माप झालं? कोस सांग, मैल सांग."

"कोस तुमच्या कागदावं, भाऊसाहेब," पानवाली म्हणाली. "आमी भाकरीवं चालतो."

अण्णांना हा कचेरीचा अपमान वाटला. त्यांनी दफ्तरातून नकाशा आणला आणि ओट्यावर पसरला. जव्हारपासून निघालेली डोंगराची धार, म्हणजे माथ्यामाथ्यानं गेलेली कड, त्यात तपकिरी शाईनं काढलेली होती. ती संस्थानच्या हद्दीपर्यंत गेली होती आणि तिथे थांबली होती. पुढे इंग्रजी मुलूख, आणि तो आमच्या नकाशात कोरा. अण्णा म्हणाले, "पाहिलंस? पुढे काही आहे की नाही, हेच इथे नाही." आई वाकून त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझी बहीण इथे राहते." आणि तिनं कोऱ्या कागदावर बोट ठेवलं.

शेवटी अण्णांनी एक अट घातली. ती घालताना ते मनातून हसत होते, हे मला दिसत होतं. पठाराच्या कडेखाली एक झरा होता. तिथपर्यंत उतरायचं आणि मध्ये एकदाही न बसता वर यायचं. ते जमलं तर पुढचं बोलू. आई अंगानं चांगली भरलेली होती आणि परसातल्या विहिरीवरून आली तरी तिला धाप लागायची. अण्णांच्या हिशेबी विषय तिथेच मिटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मायलेकी झऱ्यावर गेलो. उतरताना गंमत वाटली. चढताना आई सात वेळा बसली. मी मोजलं, आणि मोजल्याचं तिला सांगितलंही. मी तशीच होते. मीही प्रत्येक वेळी तिच्या शेजारी बसत होते, पण ती सोबत म्हणून, असं मी घरी सांगितलं. रात्री माझ्या पोटऱ्या इतक्या ठणकत होत्या की मला कूस बदलता येईना. आईनं मात्र उठून माझ्या पायांना तेल चोळलं.

पानवालीला हे कळलं तेव्हा तिनं आमची शिकवणी हातात घेतली. एक दिवसाआड सकाळी ती पानांचा भारा आमच्याकडे उतरवायची आणि आमच्याबरोबर झऱ्यावर यायची. चालायला काय शिकायचं, असं मला वाटायचं. पण आम्हांला चालता येत नव्हतं, हे पहिल्याच दिवशी सिद्ध झालं. आम्ही चढावर बोलायचो, सपाटीवर घाई करायचो आणि दर दहा पावलांनी मान वर करून किती राहिलं ते बघायचो. "वर नको बघू," ती सांगायची. "डोंगूर कठं जात नाय. पायाखाली बघ." थांबायचं तर काठीवर टेकून उभ्यानं थांबायचं, कारण बसलं की गुडघा रुसतो. पाणी घोटभरच, तेही तोंडात घोळवून. आणि पाऊल टाकायचं ते पुऱ्या तळव्यानं, बोटांवर नाही. हे शेवटचं मला जमायला आठ दिवस लागले. आईला ते तीन दिवसांत जमलं.

पायांसाठी तिनं मोहाच्या बियांचं तेल आणून दिलं. ते रोज तळव्यांना चोळायचं. त्याचा वास असा उग्र, की अण्णांनी आपलं अंथरूण ओटीवर नेलं. आईनं वहाणा सोडल्या आणि अनवाणी चालू लागली. गावाबाहेर पडलं की ती लुगडं वीतभर वर खोचायची आणि परत येताना शेवटच्या वळणावर खाली सोडायची.

गावात बोलणं व्हायचं ते झालंच. भाऊसाहेबांच्या घरी पाणी भरायला गडी उरला नाही वाटतं, असं एकीनं विचारलं. या वयात हे काय खूळ, असं दुसरीनं. मग मीच एकीला सांगून टाकलं की आईचं व्रत आहे, दसऱ्यापर्यंत रोज झऱ्याचं दर्शन घ्यायचं. तेव्हापासून सगळ्या बायका तिला वाटेत हात जोडू लागल्या. बाईमाणसानं इच्छा म्हणून काही केलं तर ते खूळ, आणि व्रत म्हणून केलं तर पुण्य. हे मला तेव्हा कळलं आणि पुढच्या आयुष्यात फार उपयोगी पडलं.

बाराव्या दिवशी आई एकदाही न बसता वर आली. अण्णा दारात उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, "झरा म्हणजे काही धार नव्हे. धारेवरच्या खिंडीपर्यंत जाऊन या, मग बघू." अट अशी वाढली. मला संताप आला आणि मी तो बोलून दाखवला. आई म्हणाली, "जाऊ की. त्यात काय."

खिंडीपर्यंत जाऊन यायचं म्हणजे एक भाकरीची वाट, असं पानवालीचं माप. त्या दिवशी ती आमच्याबरोबर नव्हती. आईनं पहाटे भाकऱ्या केल्या, तांदळाच्या, पातळ, पांढऱ्याशुभ्र. तिच्या हातच्या भाकरीची आमच्या घराण्यात ख्याती होती. वर लोण्याचा गोळा. खिंडीत पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. आम्ही भाकरी खाल्ली, समोरच्या डोंगरांच्या रांगा बघितल्या, आईनं तिकडे मोखाडं असेल म्हणून हातही दाखवला. परतीला निघालो आणि निम्म्या वाटेवर माझे गुडघे लटपटू लागले. पोटात खड्डा पडला. आईच्या कपाळाला घाम सुटला, तो चालण्याचा नव्हता. आम्ही एका ऐनाच्या झाडाखाली जे बसलो ते उठेचना. शेवटी रानातून गुरं घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मूठभर भाजलेले चणे दिले, तेव्हा कुठे आम्ही घर गाठलं.

आई त्या दिवशी रडली. सगळ्या महिन्यात तेवढ्या एकाच दिवशी. चुलीपुढे बसून ती म्हणाली, "एका भाकरीत ही गत, तर तीन भाकरींना मी मरेन. अक्काला सांगून पाठवा, माझी वाट बघू नको." अण्णा तिथेच होते. त्यांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण ते उठून गेले आणि कितीतरी वेळ अंगणात फेऱ्या घालत होते.

दुसऱ्या दिवशी पानवालीला हे सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खाल्लास काय?"

"भाकरी. तूच सांगितलंस ना, एक भाकरी."

"कसली?"

"तांदळाची."

ती हसायला लागली. इतकी हसली की तिला डोक्यावरचा भारा खाली ठेवावा लागला. "ती भाकर नाय, बाय. ती पाव्हण्याला वाढायची. भाकर म्हंजे नागली. तांदूळ घाईनं येतो आन् घाईनं जातो. नागली पोटात बसून ऱ्हाते."

भाकरी म्हणजे भाकरी, यात विचारण्यासारखं काही असतं हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती ज्या मापानं आम्हांला वाट सांगत होती ते मापच आमच्या घरात नव्हतं. नागली, म्हणजे नाचणी, ही डोंगरातल्या लोकांची, राबणाऱ्यांची. कारकुनाच्या चुलीवर नागली म्हणजे लोकांनी नावं ठेवायची गोष्ट.

आईनं जुनं लुगडं देऊन तिच्याकडून पायलीभर नागली घेतली. अण्णांनी जात्यावर ती बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आपल्या घरात नागली?"

"तुमची तिन्ही पोरं नागलीच्या सत्त्वावर वाढली," आई पीठ गोळा करत म्हणाली. "तान्ह्याला चालते, मग मोठ्याला काय होतं?"

नागलीची भाकरी आमच्या हातून लवकर होईना. पीठ कढत पाण्यात उकडून, गरम असतानाच मळावं लागतं, नाहीतर कडा फुटतात. आईसारख्या सुगरणीच्या भाकऱ्या तीन दिवस चिरफळत होत्या, आणि पानवाली चुलीपासून लांब, उंबऱ्याबाहेर बसून तिला सूचना देत होती. तेव्हाची रीत तशी होती, ती बाहेरच बसायची. मला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं, हे आज सांगताना लाज वाटते. चौथ्या दिवशी भाकरी टम्म फुगली. काळपट, जाड, तव्यावरची खरपूस. लसणाच्या चटणीबरोबर ती मी खाल्ली आणि पहिल्यांदा मला कळलं की जेवण झालं म्हणजे काय होतं. दुपारपर्यंत भुकेची आठवण नाही. अण्णा आठवडाभर आपला भात जेवत होते. मग एक दिवस पानावर बसून त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "आज ती काळी केली नाही का?"

नागलीवर आम्ही खिंड केली, मग खिंडीपलीकडचा माथाही केला. आईची धाप गेली. तिच्या पाटल्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकू लागल्या. चालताना ती आता मला मागे टाकायची, पण वळणावर थांबून वाट बघायची आणि मी पोचले की लगेच निघायची, म्हणजे विश्रांती फक्त तिलाच. मी तक्रार केली तर म्हणायची, "तू सोबतीला आली आहेस ना?"

एकदा मी पानवालीला विचारलं, तीन भाकऱ्या कुठे कुठे खायच्या. पहिली हद्दीच्या धोंड्यापाशी, ती म्हणाली. दुसरी पोशेऱ्यात, तिच्या भावाच्या घरी. आणि तिसरी?

"तिसरी खायाची नाय."

"मग घ्यायची कशाला?"

"फडक्यात हाय म्हणून पाय चालतं. ती संपली का पाय थांबतं."

मला हे भाबडेपणाचं वाटलं. पोटात गेलेल्या भाकरीनं पाय चालतात, फडक्यातल्या नव्हे, असं मी तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

दसरा झाला. अण्णांकडे आता नवी अट उरली नव्हती. त्यांनी चार दिवसांची रजा मांडली आणि जाहीर केलं की ते स्वतः आमच्याबरोबर येणार, दोन बायकांना पानवालीबरोबर पाठवलं तर लोक काय म्हणतील. आईनं त्यांना सुचवून पाहिलं की एकदा तरी झऱ्यापर्यंत येऊन बघा. ते म्हणाले, "मी रोज कचेरीत पायीच जातो." कचेरी आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होती. प्रवासासाठी त्यांनी नव्या वहाणा घेतल्या, करकर वाजणाऱ्या. पानवालीनं त्या बघितल्या आणि तोंडाला पदर लावला.

आश्विन वद्यात एका पहाटे आम्ही चौघं निघालो. खाली दऱ्यांमध्ये धुकं भरलेलं होतं आणि धार तेवढी वर होती. पावसाळा नुकताच सरल्यानं गवत पिकून छातीपर्यंत आलं होतं. वाट एका माणसापुरती. पुढे पानवाली, मग अण्णा, मग आई, मागे मी. हद्दीच्या धोंड्यापर्यंत अण्णा फार खुशीत होते. तिथे पहिली भाकरी खाताना त्यांनी उभं राहून सांगितलं की या धोंड्याची नोंद त्यांच्या हस्ताक्षरात आहे, आणि आता आपण संस्थानाबाहेर पाऊल टाकत आहोत. आम्ही पाऊल टाकलं. पलीकडचं गवत अलीकडच्यासारखंच होतं.

धार दुरून सरळ दिसते. आमच्या ओट्यावरून अण्णा पाहुण्यांना ती बोटानं दाखवायचे तेव्हा तर ती भिंतीच्या माथ्यासारखी सपाट वाटायची. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगीच नाही. प्रत्यक्षात ती उतरते, चढते, पुन्हा उतरते, आणि प्रत्येक चढ संपला की पुढे दुसरा उभा असतो. तिसऱ्या चढाला अण्णांचं बोलणं थांबलं. चौथ्याला करकर थांबली, कारण त्यांनी वहाणा हातात घेतल्या होत्या. पोशेरा आला तेव्हा सूर्य डोक्यावर होता आणि अण्णांच्या दोन्ही टाचांना फोड येऊन फुटले होते. पानवालीच्या भावानं खळ्यावरचं काम सोडून त्यांना बाजेवर बसवलं, कोमट पाण्यात पाय ठेवायला दिले. आम्ही त्याच्या अंगणात दुसरी भाकरी खाल्ली.

खाऊन झाल्यावर अण्णा म्हणाले, "आज इथेच राहू. उद्या बघू काय ते."

मला त्या 'बघू'चा अर्थ ठाऊक होता. उद्या पाय आणखी सुजणार, परवा रजा संपत येणार, मग परतीला गाडी मिळते का याची चौकशी, आणि मग दिवाळी. महिनाभर नको तिथे चालणारी माझी जीभ तेव्हा टाळूला चिकटली होती. पोरीनं बापाला काय सांगायचं?

आईनं फडकं आवरलं. उरलेली एक भाकरी त्यात नीट बांधली. मग उठून अण्णांच्या पायांकडे बघितलं, भावाच्या बायकोला हळद आणि तेल लावायला सांगितलं, आणि म्हणाली, "तुम्ही सावकाश मागून या. मी पुढे होते."

त्या दोघांच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. सव्वीस वर्षांत ती त्यांच्या पुढे एक पाऊल चालली नव्हती, वाटेवर नाही की घरात नाही. मला वाटलं, आता ते संतापणार. पण ते म्हणाले, "माझी काठी घेऊन जा. ती जास्त चांगली आहे." त्या घटकेला मला माझ्या आईचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढे माझ्या मुलांच्या कसल्याच यशाचा वाटला नाही. आणि अण्णांबद्दल मनात जे काही साठवलेलं होतं, ते बरंचसं त्या काठीबरोबर गेलं.

ते दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीकडे आले, पानवालीच्या भावाच्या खांद्यावर हात टाकून, अनवाणी. मी विचारलं, किती लांब वाटलं? म्हणाले, "मला पाच भाकऱ्या लागल्या." आणि परत जव्हारला गेल्यावर त्यांनी ते गंभीर चेहऱ्यानं कचेरीतही सांगितलं, असं ऐकलं.

पोशेऱ्यानंतरची वाट सर्वांत अवघड होती. चढ फार नव्हते, पण ऊन होतं आणि पाय आपले वाटत नव्हते. आई आता पानवालीच्या मागोमाग होती. ती वर बघत नव्हती, बोलत नव्हती. मी मात्र मागे पडत चालले होते. शेवटी एका करवंदीच्या जाळीआड थांबून मी माझी तिसरी भाकरी खाऊन टाकली. पानवालीनं सांगितलं होतं ते खरं निघालं. त्यानंतर पायांत जीव उरला नाही. पोट भरलेलं होतं, तरीही. मी तिला ते कबूल केलं. तिनं आपल्या फडक्यातली भाकरी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "खाऊ नको. धर." ती धरून मी उरलेली वाट चालले. यावर कुणी हसलं तर हसो.

मावशीचं घर गावाच्या कडेला होतं. आम्ही शेवटचा उतार उतरलो तेव्हा सूर्य कलला होता, पण अंगणात अजून लख्ख ऊन होतं. मावशी अंगणात पाटावर बसली होती. समोर सूप होतं आणि ती त्यातल्या तांदळावरून नुसतीच बोटं फिरवत होती. पायरव ऐकून तिनं मान वर केली. "कोण आहे?"

मी हाक मारणार होते. आईनं मला मनगटाला धरून थांबवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मग ती एकटी पुढे गेली, पाटापासून चार हातांवर उभी राहिली आणि ऊन तोंडावर येईल अशी वळली. डोक्यावरचा पदर तिनं मागे सारला. तिच्या डोळ्यांत ऊन जात होतं तरी ती पापणी हलवत नव्हती.

मावशी बघत राहिली. तिनं मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या. डोळे बारीक केले. मी श्वास धरून होते. पानवालीही काठीवर टेकून उभी होती.

"वाळलीस गं," मावशी म्हणाली.

आईनं पटकन तोंडावर पदर घेतला. पण माझं मन संशयी. माहेरी पाऊल टाकलं की प्रत्येक लेकीला हेच म्हणतात. लेक पिंपाएवढी होऊन आली तरी 'वाळलीस गं'च म्हणतात. कुणाची चाहूल लागली असेल, उभं राहण्याची ढब कळली असेल, अंदाजानं म्हणाली असेल. मी तशीच उभी राहिले.

आई तिच्यासमोर जमिनीवर बसली. मावशीनं हात पुढे केला. मला वाटलं, ती आता चेहरा चाचपेल. पण तिचा हात चेहऱ्याकडे गेलाच नाही. तो सरळ आईच्या खांद्यावर आला आणि लुगड्यात अडकलेलं गवताचं एक कुसळ तिनं दोन बोटांत धरून उपटून काढलं. मग दुसरं. मग बाहीवरचं तिसरं. "आणि हे काय रान अंगावर घेऊन आलीस," ती म्हणाली. "कुठून आलीस तरी कुठून?"

आई नुसती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. धारेवरच्या त्या पिकल्या गवतानं तिचं लुगडं पदरापासून निऱ्यांपर्यंत कुसळांनी भरलं होतं. मावशी एकेक कुसळ वेचत होती, उन्हाकडे धरून बघत होती आणि सुपाच्या कडेला ठेवत होती. काम मोठं होतं आणि ऊन सरत चाललं होतं, म्हणून मीही शेजारी बसले आणि पदराचं टोक ओढून घेतलं.

आईनं माझा हात बाजूला केला.

"राहू दे," ती म्हणाली. "तिला दिसतंय."